थंडी ओसरताना पेरणी: पाकिटावरचा महिना नको, मातीचं तापमान बघा

थंडीचा जोर कमी झाला की बियांची पाकिटं कपाटातून बाहेर येतात आणि पाठोपाठ भाच्याचा फोन येतो. "मावशी, पाकिटावर फेब्रुवारी-मार्च लिहिलंय. टाकू का बी?" माझा उलट प्रश्न ठरलेला: "मातीचं तापमान किती?" त्यावर तो हसतो. हसू दे. तुमच्या वाफ्यावर ऊन किती वाजता येतं, माती चिकण आहे की रेताड, तुमच्याकडे दंव (पानांवर गोठणारं हिम) कधी थांबतं, यातलं पाकीट छापणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. आणि बी रुजतं ते हवेत नाही, मातीत. दुपारी स्वेटर काढावासा वाटला तरी दोन बोटं खाली माती गारच असू शकते, कारण माती हवेपेक्षा सावकाश तापते. ओली माती तर त्याहून सावकाश.

म्हणून या हंगामात पहिली खरेदी बियांची नाही, थर्मामीटरची. स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार दांडीचा असला तरी भागतं. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला तो मातीत ५ सेंमी खोल खोचायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. रात्र सरल्यावर माती सगळ्यात थंड असते, म्हणून सकाळचाच आकडा धरायचा. असं सलग तीन-चार दिवस केलं की अंदाज येतो. एकाच दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, या दिवसांत हवा फार लहरी असते.

आता हे आकडे कशाला हवेत ते सांगते. गाजराचं बी ५ अंश सेल्सिअसला उगवायला साधारण ५० दिवस घेतं, १० अंशांना १७ दिवस आणि २० अंशांना फक्त ७. टोमॅटोला १० अंशांवर ४३ दिवस लागतात, १५ वर १४ आणि २५ वर ६. भेंडी १५ अंशांना २७ दिवस पडून राहते, तीच ३० अंशांना आठवड्यात वर येते. म्हणजे गार मातीत तीन आठवडे आधी पेरलेली भेंडी आणि माती तापल्यावर पेरलेली भेंडी जवळपास एकदमच उगवतात. फरक एवढाच की आधीची तीन आठवडे चिखलात भिजत पडलेली असते. तेवढ्या वेळात बुरशी, किडे आणि मुंग्या यांनी आपापला वाटा उचललेला असतो, आणि उरलेली रोपंही अशक्त निघतात.

साधारण हिशेब असा ठेवा. माती सकाळी ७ ते १० अंशांवर स्थिरावली की मटार, पालक, मुळा, गाजर, कांदा, लेट्यूस, मेथी, कोथिंबीर, शेपू, पार्सली यांना हात घालायला हरकत नाही. बीट त्याच्या जरा मागून. घेवडा, काकडी, भेंडी, भोपळावर्गातले सगळे वेल आणि बेसिल यांच्यासाठी मात्र १८ ते २० अंशांपर्यंत थांबायचं. टोमॅटो, वांगी, मिरची थेट जमिनीत पेरायच्याच नाहीत, त्यांची रोपं आधी आत तयार करायची. त्याबद्दल पुढे.

उलट्या बाजूची मर्यादा मात्र बरेच जण विसरतात. लेट्यूसचं बी ३० अंशांच्या आसपास गेलं की झोपी जातं, पाणी कितीही घाला, उगवत नाही. पालकाचंही तेच. शिवाय दिवस मोठा होत गेला की पालक पानं वाढवायचं सोडून फुलावर येतो, आणि उन्हाचा चटका बसला की कोथिंबीरही तेच करते. त्यामुळे ज्यांच्याकडे उन्हाळा झपाट्याने येतो त्यांनी या थंड हंगामातल्या भाज्यांना एक दिवसही उशीर करू नये, आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा त्यांना द्यावी. ज्यांच्याकडे वसंत लांबलचक आणि गार असतो त्यांना घाई नाही, पण दंवाची शेवटची रात्र कधी असते याचा आपल्या भागातला अंदाज जवळ हवा. मटार, पालक हलकं दंव सोसतात. बेसिल दंवाआधीच, १० अंशांच्या खाली पारा गेला की काळी पडायला लागते.

वाफसा आल्याशिवाय खुरपं लावू नका

तापमान जमलं तरी माती चिंब असेल तर थांबा. वाफसा, म्हणजे माती कामाजोगी ओलसर असणं, बघायची पद्धत सोपी आहे. खुरप्याने १० सेंमी खालची माती काढा, मूठभर घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा झाला नाही, माती भुरभुरून पडली, तर ती कोरडी आहे, आदल्या दिवशी पाणी द्या. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर त्याचे तुकडे झाले, तर वाफसा आहे, कामाला लागा. अंगठा गोळ्यात नुसता रुतला, त्याचा ठसा उमटला आणि बोटांना चिखल लागला, तर खुरपं परत खुंटीला. ओल्या चिकणमातीत काम केलं की तिच्यातल्या हवेच्या जागा दाबल्या जातात, वाळल्यावर दगडासारखी ढेकळं होतात आणि ती फोडण्यात सगळा हंगाम जातो. वाफ्यात पाय देऊन उभं राहणंही याच कारणासाठी टाळायचं. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतकाच रुंद ठेवा, सव्वा मीटरच्या आत.

गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा, केला तर पाणी लवकर निचरतं आणि माती लवकर तापते. घाईच असेल तर पेरणीआधी आठवडाभर वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडेने माती दाबून ठेवा, सकाळच्या आकड्यात फरक दिसेल. खत म्हणाल तर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट वरच्या थरात मिसळा. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात ताजं शेणखत अजिबात नको, मुळं दुभंगतात.

जुन्या पाकिटांचं काय?

कांद्याचं बी वर्षभरानंतर भरवशाचं राहत नाही, पार्सलीचंही फार टिकत नाही. टोमॅटो, काकडी, मुळा चार-पाच वर्षंसुद्धा चालतात. शंका असेल तर तपासा: दहा बिया मोजून ओलसर टिश्यूच्या घडीत ठेवा, घडी झाकणाच्या डब्यात, डबा उबदार जागी. आठ-नऊ रुजल्या तर निर्धास्त पेरा, पाच रुजल्या तर दुप्पट दाट पेरा, दोन-तीनच रुजल्या तर पाकीट टाकून द्या. "बघू, उगवलं तर उगवलं" म्हणून वाफा अडवण्यात अर्थ नाही, पेरणीचे दिवस तेवढ्यात निघून जातात.

भिजवण्याबद्दल सरसकट सल्ला देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. भेंडीचं कवच कडक असतं, ती रात्रभर कोमट पाण्यात ठेवली की फायदा होतो. मटार काही तास भिजवायला हरकत नाही. घेवड्याला मात्र जपा. कोरडं घेवड्याचं बी थंड पाणी भराभर शोषायला लागलं की त्याच्या पेशींच्या पातळ पडद्यांना इजा होते, आणि ती पहिल्या काही तासांतच होते. नंतर माती तापली तरी ते बी सावरत नाही. म्हणून घेवड्यासाठी वाफा आदल्या दिवशी भिजवायचा, दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर बी कोरडंच टोकायचं आणि वरून गार पाण्याची झारी फिरवायची नाही. बेसिल तर भिजवूच नका. पाणी लागताच तिच्या बीभोवती जेलीसारखं वेष्टण धरतं, बिया एकमेकींना आणि तुमच्या बोटांना चिकटतात.

किती खोल?

ढोबळमानाने बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, भाजीनुसार थोडं कमी-जास्त. मटार ३ ते ४ सेंमी, भेंडी २ ते अडीच, मुळा आणि गाजर जेमतेम १. थाइम, ओरेगॅनो, सेलरी यांच्या धुळीसारख्या बिया नुसत्या पृष्ठभागावर टाकून तळहाताने दाबायच्या. लेट्यूसवर माती न घातलेलीच बरी, कारण त्याच्या बऱ्याच वाणांना रुजायला उजेड लागतो. हा नुसता माळ्यांचा समज नव्हे. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी लेट्यूसच्याच बियांवर दाखवून दिलं की लाल प्रकाशाचा झोत दिला की बी रुजतं आणि त्यावर लगेच अतिलाल (लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) प्रकाश दिला की ते पुन्हा थांबतं. शेवटचा झोत कुठला, त्यावर सगळं ठरतं. प्रकाश ओळखणारं फायटोक्रोम हे रंगद्रव्य त्याच धाग्यावरून पुढे सापडलं. आपल्यापुरतं याचं तात्पर्य एवढंच की लेट्यूस खोल गाडलं तर वाट बघत बसाल. पृष्ठभागावरचं बी वाळतं मात्र पटकन, म्हणून ते उगवेपर्यंत झारीऐवजी फवारा हाताशी ठेवा.

कोथिंबीर, पार्सली, गाजर आणि शेपू

हे सगळे एकाच कुळातले आणि सगळे संथ. यांच्या बीमधला गर्भ पूर्ण वाढलेला नसतो, रुजण्याआधी त्याला बीच्या आतच वाढावं लागतं. म्हणून तीन आठवडे उलटून गेले तरी पार्सलीचा वाफा उकरायचा नाही. रात्रभर पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून, मग पेरली तर थोडी लवकर येते, पण थोडीच.

धने नीट निरखून बघा. तो एक गोल दाणा दिसतो, पण त्यात दोन अर्धगोल जोडलेले असतात आणि प्रत्येकात एक बी. ते वेगळे करून पेरले तर उगवण एकसारखी होते. मी धने जाड कापडावर पसरते आणि वर लाटणं फिरवते, हलक्या हाताने, नुसता "टच्च" आवाज येईल इतकंच. पीठ झालं तर जोर जास्त झाला. मग ओळीत १ ते दीड सेंमी खोल पेरते. कोथिंबीर आणि शेपू जागेवरच पेरायची, त्यांचं सोटमूळ दुखावलं की ती वैतागून फुलावर येतात. आणि एकदम सगळं बी संपवू नका. दोन-दोन आठवड्यांनी एकेक ओळ टाकलीत तर पानं मिळत राहतात. सगळं एकाच दिवशी पेरलं की एक आठवडा शेजाऱ्यांना वाटत सुटायचं आणि नंतर काहीच नाही.

गाजराची गंमत अशी की त्याला फक्त सातत्य हवं. एवढंसं बी, वर १ सेंमी माती, आणि ती माती एकदा जरी वाळून वर पापुद्रा धरला तरी कोवळा अंकुर तो फोडू शकत नाही. मी बी कोरड्या बारीक वाळूत मिसळते म्हणजे ओळीत सारखं पडतं, आणि त्यातच थोड्या मुळ्याच्या बिया घालते. मुळा काही दिवसांत वर येतो, त्यामुळे ओळ कुठे आहे ते कळतं आणि त्याची पानं पापुद्रा फोडून ठेवतात. गाजर जागा मागायला लागेपर्यंत मुळा काढून झालेला असतो. ओळीवर गोणपाट किंवा फळी ठेवून ओल धरता येते, पण पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज उचलून बघा आणि पहिला हिरवा दोरा दिसला की त्याच क्षणी आच्छादन काढा. संध्याकाळी काढू म्हटलं की रोपं पिवळी पडून आडवी होतात.

पुदिन्याचं बी विकत घेऊ नका. बीपासून आलेलं रोप आईसारखं निघेल याचा नेम नसतो, आणि पेपरमिंट तर संकरच आहे, त्याला रुजणारं बी जवळपास धरतच नाही. एक काडी पाण्यात ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. तो लावाही कुंडीतच, वाफ्यात लावलात तर वाफा त्याचा. रोजमेरीसुद्धा काडीपासूनच.

आत वाढवायची रोपं

टोमॅटो बाहेर लावायच्या सहा ते आठ आठवडे आधी आत पेरायचा. मिरची आणि वांगी त्याहून थोडी आधी, कारण ती सावकाश वाढतात. ट्रेमध्ये धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळ खत भरा. कोकोपीट धुवायचं ते त्यातला क्षार जावा म्हणून. मिश्रण आधी ओलं करूनच भरा. मुठीत पिळल्यावर दोन-चार थेंब पडले पाहिजेत, धार लागता कामा नये.

रुजेपर्यंत ऊब हवी, उजेड नसला तरी चालतो: २५ ते २८ अंश. फ्रिजच्या वरची जागा हात लावून बघा, बऱ्याच घरांत ती कोमट असते. पण पहिली मान वर आली की तासाभरात ट्रे उजेडात. इथेच जास्तीत जास्त रोपं बिघडतात. खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, रोपाला तो अपुरा असतो आणि ते लांबुडकं, पांढुरकं होतं. एलईडी दिवा लावणार असाल तर तो पानांच्या बराच जवळ ठेवा आणि १४ ते १६ तास चालू ठेवा, रात्री बंद. आणखी एक युक्ती: दिवसातून एक-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा. वाऱ्याने हलल्यासारखं होतं आणि खोड बुटकं, जाड राहतं. हे टोमॅटोवर नक्की दिसतं.

मर हा ट्रेमधला सगळ्यात वाईट रोग. काल ताठ उभी असलेली रोपं आज आडवी, आणि जवळून बघितलं तर मातीलगत खोड दोऱ्याइतकं बारीक, पाणी लागल्यासारखं दिसतं. पिथियम, रायझोक्टोनिया असे मातीतले रोगकारक हे करतात आणि पडलेलं रोप परत उभं राहत नाही. ते आसपासच्या मिश्रणासकट काढून टाका. बाकीची वाचवायची असतील तर झाकण काढा, हवा खेळू द्या, दाट रोपं विरळ करा, आणि पाणी वरून न घालता ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्या. वरचा थर ओलसर वाटला तर त्या दिवशी पाणी नाही. जुने ट्रे वापरत असाल तर पेरणीआधी साबणाने घासून उन्हात वाळवलेले बरे.

खरी पानं आली की, म्हणजे पहिल्या दोन गुळगुळीत बीजपत्रांनंतरची, रोपं मोठ्या पेल्यांत हलवा. धरायचं पानाला, खोडाला कधीही नाही. पान फाटलं तर दुसरं येईल, खोड चेमटलं तर रोप गेलं. टोमॅटो थेट बीजपत्रांपर्यंत मातीत बुडवा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

मग बाहेरची सवय. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन आणि वारा. हे टाळून रोपं थेट उन्हात लावली की पानांवर पांढरे चट्टे पडतात. लावणी शक्यतो ढगाळ दिवशी किंवा उन्हं कलल्यावर करा.

विरळणी

हे काम कुणालाच आवडत नाही आणि त्यामुळे ते राहून जातं. गाजर आणि मुळा ५ सेंमीवर एक, लेट्यूस २५ सेंमीवर, भेंडी ३० सेंमीवर. बीटचं एक खडबडीत "बी" म्हणजे बियांचा झुबका असतो, एका जागी तीन-चार रोपं येणारच, त्यातलं एक ठेवा. बाकीची उपटू नका, ठेवायच्या रोपाची मुळं हलतात. छोट्या कात्रीने मातीलगत कापा. लेट्यूस, बीट, मुळा यांची कापलेली पानं कोवळी असतात, फेकायची गरज नाही.

उरलेलं बी पाकिटाची घडी घालून तसंच ओट्याशेजारच्या खणात टाकू नका. बी साठवण्याबद्दल हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे: बीमधला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान साधारण ५ अंशांनी उतरलं तरी दुप्पट होतं. फार टोकाच्या कोरडेपणाला तो लागू नाही, पण घरासाठी पुरतो. पाकिटं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रिजमध्ये. प्रत्येक पाकिटावर वर्ष लिहा. पुढच्या पेरणीला बरणी बाहेर काढलीत की लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास झाकण बंदच राहू द्या, नाहीतर बाहेरच्या हवेतली वाफ थंड बियांवर दहिवरते आणि वर्षभर राखलेला कोरडेपणा दहा मिनिटांत जातो.